साल नव्हे, माप बघा

पोर्शे ९११च्या जुन्या, हवेवर थंड होणाऱ्या गाड्यांचे शौकीन एक सिद्धान्त छातीठोकपणे मांडतात: गाडीचं साल सांगा, ब्रेकचा कॅलिपर कुठला ते सांगतो. हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. कारखान्यातून गाडी निघताना तिच्यावर काय होतं, ते सुट्या भागांच्या पुस्तकात सालवार छापलेलं आहे. पण या गाडीचं उत्पादन सुरू झालं १९६४ मध्ये. तेव्हाच्या गाड्यांनी साठी ओलांडली. मधल्या काळात किती हातांनी काय काय काढलं, काय बसवलं, कोण जाणे! कुंडली बघून तोंडात दात किती उरलेत हे सांगण्यातलाच हा प्रकार.

दुसरा पक्ष धातूचा. अ‍ॅल्युमिनियमचा तो ‘एस’ जातीचा कॅलिपर, बिडाचा तो ‘एम’ जातीचा. यातलं पहिलं खरं, दुसरं फसवं. कारण पुढे आलेला ‘ए’ कॅलिपर बिडाचा असूनही त्यात पॅड बसतात ते ‘एस’चे. लोहचुंबकाने बीड ओळखता येतं, जात नाही. (चुंबक लावायचा तो अंगाला. पिस्टन पोलादी असतात, त्यांना लावला तर तो सगळीकडेच चिकटेल.)

मग पिस्टनच मोजू, असं कोणी म्हणेल. मोजा. पुढच्या चाकांच्या ‘एल’, ‘एम’, ‘एस’, ‘ए’ चारही कॅलिपरांचा पिस्टन ४८ मिलिमीटर! याच मापाने ‘एस जास्त दाबतो’ ही दंतकथाही निकालात निघते. तेलाचा दाब तोच, पिस्टनचं क्षेत्रफळ तेच, तर पकड वाढेल कुठून? ‘एस’चा फायदा हलक्या वजनात आणि मोठ्या पॅडमध्ये आहे. घाटात लागोपाठ ब्रेक मारताना निर्माण होणारी उष्णता मोठ्या पॅडवर पसरते. पिस्टनचं माप उपयोगी पडतं ते पोर्शेच्याच चार सिलिंडरच्या ९१४चा कॅलिपर वेगळा काढायला. तिथे पिस्टन ४२चा, म्हणजे ४८च्या पिस्टनचं क्षेत्रफळ त्याहून सुमारे तीस टक्के जास्त.

खरी ओळख पटते ती बसवायच्या दोन बोल्टांमधल्या अंतरावरून. ‘एल’ला ते तीन इंच, ‘एम’, ‘एस’, ‘ए’ला साडेतीन. त्यानंतर पॅडचा आकार बघावा, म्हणजे ‘एम’ बाजूला पडतो. उरलेल्या दोघांत मात्र चुंबकाचा शब्द अखेरचा. चकती बसायची फटही मोजावी, कारण हवा खेळणारी चकती नवी असताना २० मिलिमीटर जाड असते आणि भरीव चकतीच्या अरुंद फटीत ती शिरणार नाही. मागच्या चाकांचं तर सोपं आहे: हॅण्डब्रेकची यंत्रणा कॅलिपरच्याच अंगात असेल तर तो ९१४चा. ९११चा हॅण्डब्रेक चकतीच्या पोटातल्या छोट्या ड्रमवर चालतो.

जोडी विकत घेताना आणखी एक बघावं. हवा काढायचं निपल बसवल्यावर वरच्या टोकाला यायला हवं. डावा-उजवा उलटे लागले तर निपल खाली जातं, हवा वर अडकते आणि पेडल मऊच राहतं.