डोंगर सरकण्यापूर्वी

नौपाडा ही ठाण्याची जुनी, सपाट जमिनीवरची वस्ती. पावसाळ्यात तिला चिंता असते ती रस्त्यावर साचणाऱ्या पाण्याची, दरडीची नव्हे. परंतु याच शहराच्या एका अंगाला येऊरचे डोंगर आहेत आणि खाडीपलीकडे पारसिकचा डोंगर उभा आहे. १९ जुलै २०२१ रोजी कळव्याच्या घोलाईनगरात घरावर दरड कोसळून एकाच कुटुंबातील पाच जण दगावले. अशा वेळी 'निसर्गाचा कोप' हे शब्द उच्चारले जातात, मदत जाहीर होते आणि प्रश्न पुढच्या पावसाळ्यापर्यंत मिटतो. वस्तुतः डोंगर का सरकतो, याचे शास्त्र आता पुष्कळच उलगडलेले आहे. त्यातील बराच भाग जगाने जागृत ज्वालामुखींच्या उतारांवरून शिकून घेतला आहे.

सिसिली बेटावरील एट्ना पर्वताचा पूर्वेकडील उतार दरवर्षी काही सेंटिमीटर या गतीने समुद्राकडे सरकत आहे. हवाई बेटावरील किलाउआ पर्वताची दक्षिण बाजूही अशीच सरकते. पर्वताच्या पोटात शिरणारा शिलारस कडांना बाहेर लोटतो, असे याचे कारण दीर्घकाळ सांगितले जाई. ते खोटे नाही. पण ते अपुरे आहे. मे २०१७ मध्ये एट्नाच्या पायथ्याशी समुद्रतळावर ठेवलेल्या उपकरणांनी आठ दिवसांत सुमारे चार सेंटिमीटर सरकण नोंदविली. ही जागा शिलारसाच्या मार्गापासून दूर होती. तेव्हा पर्वत स्वतःच्याच भाराने खाली ओढला जात आहे, असा निष्कर्ष अभ्यासकांनी २०१८ मध्ये मांडला. लाव्हा आणि राख यांचे थर घाईघाईने एकावर एक रचले जातात. उष्ण वायू व पाणी आतला कातळ कुजवून त्याची माती करतात. बुडाशी चिकणमातीचा निसरडा थर असतो. एवढे जमून आले की उरलेले काम गुरुत्वाकर्षण करते.

सह्याद्रीत आज एकही ज्वालामुखी धगधगत नाही. परंतु ठाण्याचे डोंगरही लाव्हाचेच आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतून दख्खनचे पठार घडले. दोन कठीण थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी लाल मातीचा मऊ पट्टा सापडतो आणि कोकणपट्टीच्या या भागात हे थर पुष्कळ ठिकाणी पश्चिमेकडे कललेले आहेत. युगानुयुगांच्या ऊनपावसाने वरच्या काळ्या कातळाचा मुरूम आणि मुरमाची माती झाली आहे. पावसाचे पाणी त्यात मुरते, खालच्या अभेद्य थरावर अडते, मातीच्या कणांची परस्परांवरील पकड सैल करते आणि वर भारही वाढविते. आग विझली असली, तरी भार, पाणी आणि मऊ थर ही तिन्ही कारणे येथे कायम आहेत.

त्यांच्यात माणसाने चौथ्या कारणाची भर घातली आहे. उताराचा पायथा हा वरच्या भाराला दिलेला टेकू असतो. रस्त्यासाठी, खाणीसाठी किंवा घरासाठी तोच खोदला जातो. माती धरून ठेवणारी झाडे जातात आणि सांडपाणी थेट डोंगरात मुरते. पाऊस हे दरडीचे निमित्त असते. तिची तयारी वर्षानुवर्षे चाललेली असते.

३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मेली. २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळील तळिये गावात ऐंशीहून अधिक बळी गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी ढिगाऱ्याखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले आणि सत्तावन्न बेपत्ता असताना शोध थांबवावा लागला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीतच नव्हती. यादीत नाव नसणे म्हणजे धोका नसणे नव्हे, हा धडा इतक्या मोठ्या किमतीला मिळाला आहे.

धोका आधी ओळखता येतो, हेही सिद्ध झालेले आहे. १९८० साली अमेरिकेतील सेंट हेलेन्स पर्वताची उत्तर बाजू दररोज पाच ते सहा फूट फुगत होती. मोजणी चालू होती. म्हणून परिसर बंद ठेवला गेला. १८ मे रोजी ती बाजू ढासळली, तेव्हा सत्तावन्न माणसे मेली. परिसर खुला असता तर हा आकडा कितीतरी मोठा झाला असता. साध्या डोंगरावरील दरड इतकी सावकाश इशारा देईलच असे नाही. तरीही जमिनीला पडलेल्या भेगा, कललेली झाडे, भिंतींना गेलेले तडे, अचानक गढूळ झालेले झरे ही चिन्हे कोणाच्याही डोळ्यांना दिसणारी आहेत.

पावसाळ्याच्या तोंडावर डोंगरउतारावरील रहिवाशांना नोटिसा बजावल्या जातात. नोटीस कोठे जायचे ते सांगत नाही. उतारावर राहणारा माणूस हौसेने तेथे गेलेला नाही. सपाटीवरील घराची किंमत त्याला परवडली नाही, म्हणून तो वर चढला. त्याला पर्यायी घर न देता दिलेली नोटीस ही प्रशासनाने स्वतःच्या बचावासाठी करून ठेवलेली नोंद ठरते. उतारांची नियमित मोजणी, पाण्याला वाट देणारी गटारे, पायथ्याच्या खोदाईला कायमची बंदी आणि त्याच शहरात पुनर्वसन, या चार गोष्टींचा खर्च दरवर्षीच्या मदतीहून जड वाटेल. पण तो एकदा केला की संपतो. दरडीखाली गेलेल्यांचा हिशेब मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात मिटत नाही.