उभे अक्षर, टांगलेले अक्षर

फिलाडेल्फियाच्या चौकात १९७६ साली रॉबर्ट इंडियाना यांचे ‘लव्ह’ हे शिल्प उभे राहिले. वर एल आणि कललेला ओ, खाली व्ही आणि ई. चार अक्षरांची चार घरे. पुढच्याच वर्षी त्यांनी जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियमसाठी प्रेमाचा हिब्रू शब्द, ‘अहावा’, तशाच दोनावर दोन रचनेत पोलादात घडवला. तो शोभला, कारण हिब्रूतही त्याची अक्षरे चारच आणि लिपीचा घाट मुळात चौकोनी. आता ‘प्रेम’ लिहून पाहा. अक्षरे दोनच, पहिल्याच्या पायाशी रकार, डोक्यावर मात्रा, दुसरे मात्र सडेफटिंग. चार घरे भरत नाहीत. यात शब्दाचा काय दोष? साचाच परका. आणि चौकाचौकांत शहरांची नावे उभारताना आपण तोच निमूट वापरतो आहोत.

रोमन अक्षर बहुधा जमिनीवर बसते. ॲमस्टरडॅमच्या म्युझियमप्लाइनवरून २०१८मध्ये हलवलेल्या ‘आय ॲमस्टरडॅम’ या अक्षरशिल्पातले प्रत्येक अक्षर स्वतःच्या पायांवर उभे होते, लोक त्यांवर चढत, बसत. देवनागरी मात्र टांगलेली लिपी आहे. मोडी लिहिणारा तर आधी पानभर रेघ ओढून घेई, मग अक्षरे सोडी. ‘पुणे’ चौथऱ्यावर ठेवले की उकाराला जागाच उरत नाही: एकतर तो चेपायचा, नाहीतर सगळा शब्द उचलून खाली टेकू द्यायचे. त्यापेक्षा शिरोरेघेलाच तुळई माना. दोन खांबांवर ती तोला आणि अक्षरे खाली सोडा. उकार मोकळा लोंबेल, माणसे शब्दाखालून जातील.

सुटी अक्षरे ने-आण करायला, दुरुस्त करायला सोपी, असे कारागीर म्हणतील. खरे आहे, पण तुळईही तुकड्यांत करून बोल्टने जोडता येते. शिरोरेघ गाळूनही देवनागरी वाचता येते, हा आक्षेप अधिक वजनदार; मथळ्यांत आपण ते कधीकधी करतोही. तरी रेघ गेली म्हणून उकार वर सरकत नाही. राहिला परक्या पाहुण्यांचा प्रश्न. जेरुसलेममध्ये हिब्रू न येणारेही ‘अहावा’समोर थांबतात, शिल्पाला आधी आकार लागतो, अर्थ शेजारच्या पाटीवर देता येतो. तेव्हा पुढच्या कामाच्या नकाशात अक्षराची एकच उंची देऊ नका. शिरोरेघेच्या वर किती आणि खाली किती, अशी दोन मापे द्या. वेलांटीचे वजन वरच्या मापात धरा.