पहिला कॅमेरा घेताना



पावसाळ्याच्या तोंडावर माझी एक जुनी विद्यार्थिनी तिच्या अब्बांना घेऊन घरी आली. मुलगी आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तीन वर्षं लग्नाघरी मेहंदी काढून तिने ३५ हजार रुपये जमवले होते आणि त्यातून तिला कॅमेरा घ्यायचा होता.

"मॅडम, निकाहच्या दिवशी बायकांच्या बाजूला फोटो काढायला बाईच मिळत नाही," ती म्हणाली. "मग कुणीतरी मोबाईलवर काढतं, नाहीतर नवरीचे चांगले फोटोच राहत नाहीत. मी मेहंदीला जातेच, फोटोही काढीन."

अब्बांचा मुलीवर भरवसा होता, अडचण वेगळीच होती. दुकानदाराने दोन लेन्सचा ६२ हजारांचा संच दाखवला होता आणि उरलेले पैसे हप्त्याने द्या म्हणाला होता. अब्बांना व्याजाचा व्यवहार नको होता. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो गेली दहा वर्षं मीच काढते, म्हणून दोघं माझ्याकडे आले.

मी तिला एकच प्रश्न विचारला, "बेटा, फोटो कुठे काढणार?" ती म्हणाली, "घरात, छोट्या खोलीत. बहुतेक वेळा रात्री." कॅमेरा कोणता घ्यायचा हे या उत्तरावरच ठरत होतं. तुमच्याही घरात कुणी पहिला डीएसएलआर घेणार असेल तर आधी हाच प्रश्न विचारा. किंमत आणि कंपनी नंतर बघा.

दुकानात पहिली गोष्ट सांगतात ती मेगापिक्सेलची. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे ६००० आणि उभे ४००० ठिपके असतात. तेवढ्यावर २० बाय १३ इंचाची स्वच्छ प्रिंट निघते. लग्नाच्या अल्बमला याहून जास्त क्वचितच लागतं. निकॉनचे डी३४००, डी३५०० आणि कॅननचा १५००डी हे नवशिक्यांचे कॅमेरे सगळे २४ मेगापिक्सेलचेच आहेत. त्यामुळे या आकड्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

खरा फरक लेन्सने पडतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ची लेन्स उन्हात छान काम देते. रात्री खोलीत मात्र ती कमी पडते, कारण तिचं तोंड फारसं उघडत नाही. ३५ एमएमवर ती साधारण एफ ४.५ पर्यंत उघडते. ३५ एमएमचीच एक साधी, झूम नसलेली लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते, म्हणजे आत सहापट उजेड घेते. एकीला फोटोसाठी १/२० सेकंद लागत असेल, तर दुसरीला साधारण १/१२५ सेकंद पुरतो. १/२० सेकंदात नवरी जराशी हसली तरी चेहरा हलतो.

काहीजण ५० एमएमची लेन्स घ्यायला सांगतात. तीही चांगली आहे, पण या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असल्याने निकॉनवर ती ७५ आणि कॅननवर ८० एमएमसारखी वागते. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ लावली तरी चार बायका फोटोत मावत नाहीत. दुकानदाराच्या संचातली दुसरी लेन्स तर ७०-३०० होती. मैदानावरच्या खेळाला, पक्ष्यांना ती उपयोगी. खोलीत तिचं काय काम?

मग हिशेब मांडला. हल्ली बरेच फोटोग्राफर मिररलेस कॅमेऱ्याकडे वळले आहेत, त्यामुळे त्यांचे जुने डीएसएलआर बाजारात चांगल्या अवस्थेत मिळतात. आम्ही तिघं कोल्हापूरला गेलो. किट लेन्ससह वापरलेला डी३४०० १९,५०० ला आणि ३५ एमएमची वापरलेली लेन्स ९,००० ला ठरली.

पैसे देण्याआधी पाच गोष्टी तपासल्या. तुम्हीही तपासा. मूळ बिल आहे का आणि त्यावरचा क्रमांक कॅमेऱ्याखालच्या क्रमांकाशी जुळतो का. शटर आजवर किती वेळा उडालं. निकॉनमध्ये नुकत्याच काढलेल्या फोटोच्या फाईलवरून हे कळतं, आणि आकडा लाखाच्या जवळ गेला असेल तर सोडून द्या. लेन्समधून टॉर्च मारून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. एफ १६ वर मोकळ्या आभाळाचा फोटो काढा, त्यात काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. शेवटी लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी आहे का ते वाचा. डी३४०० आणि डी३५०० मध्ये फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुनी एएफ-डी लेन्स स्वस्तात मिळाली तरी तिच्यावर फोकस हातानेच करावा लागतो.

हे तपासताना एक गोष्ट घडली. कॅमेऱ्यात जुन्या मालकाचं कार्ड तसंच राहिलं होतं. मुलीने बटण दाबलं आणि पडद्यावर कुणाच्या तरी घरच्या हळदीचे फोटो आले. आतल्या खोलीतल्या बायका, डोक्यावर पदर नाही, मनमोकळ्या हसत होत्या. तिने लगेच कॅमेरा बंद केला. "मॅडम, हे आपण बघायला नको."

दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट करून देतो, कार्ड फुकट ठेवा." पण डिलीट किंवा फॉरमॅट केलेले फोटोही सॉफ्टवेअरने पुष्कळदा परत काढता येतात. आम्ही कार्ड घेतलं नाही. मूळ मालकाला परत द्या म्हणालो. त्याने आमच्यासमोर फोन लावला.

परतताना एसटीत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "उद्या माझ्या कार्डातही असेच फोटो असतील." मी म्हटलं, "म्हणूनच लोक तुला बोलावणार आहेत." आम्ही गाडीतच तिचे नियम ठरवले. फोटो फोनवर घ्यायचे नाहीत. पासवर्ड असलेल्या हार्ड डिस्कवर ठेवायचे आणि घरच्यांकडे सोपवून त्यांनी पाहिले की आपल्याकडचे काढून टाकायचे. नमुना म्हणून कुणाला दाखवायचे तर आधी घरच्या बाईची परवानगी घ्यायची. कार्ड कधी विकायचं नाही, खराब झालं तर तोडून टाकायचं. अब्बा पुढच्या सीटवरून ऐकत होते. मागे वळून एवढंच म्हणाले, "अमानत आहे बेटा ती."

दोन नवी कार्डं आणि एक जादा बॅटरी ३,२०० ला आली. कोकणातल्या पावसात लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही, म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या ६०० रुपयांच्या घेतल्या. पुड्या ओलसर झाल्या की बदलायच्या. एकूण ३२,३०० झाले. २,७०० उरले, कर्ज काही नाही.

तिचं पहिलं काम चुलत बहिणीच्या मेहंदीचं होतं. तीनशे फोटो काढले, त्यातले चाळीसेक चांगले आले, बाकीचे हललेले किंवा काळे. ती रडवेली झाली होती. मी तिला माझे दहा वर्षांपूर्वीचे फोटो दाखवले, तेव्हा कुठे हसली. परवा तिचा निरोप आला. शेजारच्या गावातून तिला बोलावणं आलंय, बायकांच्या बाजूसाठी. अब्बा तिला सोडायला जाणार आहेत आणि बाहेर मंडपात थांबणार आहेत.

तिच्यासाठी दुआ करा. अल्लाह हाफिज.