सर्जेराव : फारसी सिंहाचे मराठी नाव

आजच्या आईबापांना मुलासाठी असे नाव हवे असते, जे वर्गात दुसऱ्या कुणाचे नसेल. त्यासाठी नावांच्या याद्या धुंडाळल्या जातात आणि इराणी, अरबी, ग्रीक अशी दूरदूरची नावे अर्थासकट पसंत केली जातात. त्यात वावगे काही नाही. परंतु निपाणी, कागल, बेळगाव या पट्ट्यात असे शोधकार्य चाललेले पाहिले की आम्हांस नवल वाटते. दुर्मीळ फारसी नावच हवे असेल, तर ते आपल्याच माजघरात पडून आहे. ते नाव सर्जेराव.

हे नाव आता दुर्मीळ झाले आहे, हे कुणी नाकारणार नाही. आमच्या भागात ते साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांत भेटते. पाळण्यात ते ऐकू येत नाही. गोठ्यात मात्र ते टिकून आहे. बेंदराला शिंगे रंगवून, झूल घालून जी जोडी मिरवते तिला सर्जा-राजा हेच नाव शोभते असे शेतकरी अजून मानतो. १९८७ सालच्या 'सर्जा' या मराठी चित्रपटाने ते शहरी कानांवरही घातले होते. परंतु बैलाचे नाव म्हणून जे लाडके, ते मुलाचे नाव म्हणून गावंढळ, असा काहीसा समज मधल्या काळात रुजला.

आता अर्थाकडे वळू. फारसीत 'शर्झा' हा शब्द क्रुद्ध, उग्र, झेप घेण्याच्या पवित्र्यातील हिंस्र पशूसाठी येतो, आणि तो विशेषेकरून सिंहाला लावला जातो. दक्षिणेतील सुलतानी राजवटींत तो आला आणि प्रथम दगडात स्थिरावला. बीदरच्या किल्ल्याला शर्झा दरवाजा आहे. त्यावर पशूंची शिल्पे कोरलेली आहेत. विजापुरात मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ ज्या बुरुजावर आहे, तो शर्झा बुरूज. त्याच्यावरही सिंह आहेत. पुढे हा शब्द माणसांच्या अंगावर किताब म्हणून चढला. आदिलशाहीचा सरदार शर्झाखान मराठी कागदांत 'सर्जेखान' होतो. मराठी तोंडात 'श'चा 'स' झाला, 'झ'चा 'ज' झाला, आणि शब्द घरचा झाला.

त्यापुढची घडण तर पूर्णपणे आपली आहे. 'सर्जा' या आकारान्त शब्दाला मराठीने 'सर्जे' असे रूप दिले; खंडेराव या नावात जी ठेवण दिसते तीच ही. त्याला जो 'राव' जोडला, तो संस्कृत 'राजन्'पासून प्राकृतातून 'राय', 'राव' असा उतरत आलेला. म्हणजे पूर्वार्ध इराणचा, उत्तरार्ध संस्कृत कुळातला आणि दोहोंना सांधणारे व्याकरण मराठी. असे नाव इराणात कुणाला कळायचे नाही. ते आपल्याच मुलखात घडू शकत होते.

काही अभ्यासक 'सरजा' या किताबाची फोड 'सर' आणि 'जाह' अशी करून उच्च पदाचा धनी असा अर्थ लावतात. तीही फारसीच व्युत्पत्ती आहे. दरवाजावरचे आणि बुरुजावरचे सिंह पाहता आम्हांला पहिली अधिक पटते. संस्कृत 'सर्जन' किंवा 'सर्ज' नावाचा वृक्ष यांच्याशी हे नाव जोडण्याचा मोह मात्र टाळावा. रणात निशाण राखणाऱ्याला कुणी झाडाचे नाव बक्षीस देत नाही.

रणाचा उल्लेख सहज केलेला नाही. कान्होजी जेधे यांचे पुत्र बाजी यांना शिवाजी महाराजांनी 'सर्जेराव' हा किताब दिला, असे जेधे घराण्याची परंपरा सांगते. खुद्द महाराजांना भूषण कवीने आपल्या काव्यात 'सरजा' हे विशेषण वारंवार लावले आहे. आणि आमच्या दाराशी, निपाणीहून महामार्गाने कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की लागणाऱ्या कागलात, घाटगे घराण्यात हा किताब नांदला. राजर्षी शाहू महाराज १८७४ साली ज्या घराण्यात जन्मले, तेच हे घराणे.

या किताबाला एक काळी बाजूही आहे. बायजाबाई शिंदे यांचे वडील सखाराम घाटगे इतिहासात सर्जेराव याच नावाने ओळखले जातात. १७९८ साली दौलतराव शिंद्यांशी मुलीचा विवाह झाल्यावर पैशासाठी त्यांनी पुणेकरांचा जो छळ केला, तो कुप्रसिद्ध आहे. १८०९ मध्ये ते मारले गेले. इतके होऊनही कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सीमाभागातील शेतकऱ्यांनी पुढे शंभर-दीडशे वर्षे आपल्या मुलांना हे नाव आनंदाने दिले. किताब दरबारातून निघून शिवारात आला, तेव्हा एका माणसाची करणी त्याने मागे टाकली होती.

आमच्याच चळवळीतील काही मंडळींना ही व्युत्पत्ती रुचत नाही. मराठीसाठी झगडायचे आणि नाव फारसी कसे मिरवायचे, असे ते विचारतात. त्यांचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर देतो. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचला गेला, तो राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. माणसांची नावे बदलण्याचा खटाटोप त्यात नव्हता. महाराजांच्या वडिलांचे नाव शहाजी. अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या नवसाने झालेले पुत्र म्हणून शहाजी आणि शरीफजी ही नावे ठेवली गेली, अशी परंपरा आहे. जानोजी, पिराजी, गुलाबराव ही नावे तशीच फारसीतून आलेली. हैबतराव, हिंमतराव, दौलतराव यांतील शब्द मुळात अरबी, पण आले फारसीच्याच वाटेने. निपाणीकर निंबाळकरांचा 'सरलष्कर' हा किताब तर पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत फारसी आहे. या सर्वांना बाजूला काढून जी मराठी उरेल, ती आमच्या आजीला परकी वाटली असती.

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फारसी शिकवणारे माधव जूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. १९३८ मध्ये त्यांचा 'भाषाशुद्धि-विवेक' निघाला. त्यांच्या विद्वत्तेपुढे आम्ही नम्र आहोत. भाषाशुद्धीच्या चळवळीने 'दिनांक', 'महापौर' असे चांगले शब्द दिले, तेही आम्ही रोज वापरतो. पण तारखेला दिनांक म्हणता येते, सर्जेरावाला सिंहराज म्हणता येत नाही. हाक मारली तर तो ओ देणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सर्जेराव हे नाव मराठीचे असले, तरी त्यातला सर्जा एकट्या मराठीचा नाही. बेळगाव जिल्ह्यातीलच कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे पती मल्लसर्ज देसाई. त्यांच्या मुलाचे नाव शिवलिंगरुद्रसर्ज. १८२४ साली तो निपुत्रिक वारला आणि दत्तकाच्या प्रश्नावरून कंपनी सरकारशी कित्तूरची लढाई झाली. मराठीने हा शब्द नावाच्या आरंभी बसवला, कन्नडने शेवटी. कागल आणि कित्तूर या दोन्ही ठिकाणी गुरगुरणारा सिंह एकच. कन्नड शेजाऱ्याशी आमचे भांडण नाही, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. भांडण आहे ते १९५६ साली आमची इच्छा न विचारता आखलेल्या रेषेशी, आणि मराठी माणसाला त्याच्या भाषेत कागद न देण्याशी. फारसीशी तर भांडण असण्याचे कारणच नाही. बेळगावच्या किल्ल्यात साफा मशीद उभारणारा असदखान लारी हा मूळचा इराणातील लार गावाकडचा. त्याच्या नावातील अरबी 'असद'चाही अर्थ सिंह.

कागदाचा प्रश्न नावापाशी येऊन कसा बोचतो, हे सीमाभागाबाहेरच्या वाचकांना चटकन कळणार नाही. वडिलांचे नाव जुन्या मराठी दाखल्यावर 'सर्जेराव'. ते कन्नडात उतरवताना कारकुनाच्या कानाला जसे आले तसे लिहिले जाते. त्यावरून इंग्रजी रूप होते, आणि त्या इंग्रजीवरून कुणी पुन्हा मराठी केले की 'सरजीराव' किंवा 'सार्जेराव' निघतो. मग शेताच्या उताऱ्यावरचा एक, रेशनकार्डावरचा दुसरा आणि आधारवरचा तिसरा, हे तिन्ही एकच गृहस्थ आहेत असे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते. लोक अशा नावांना कंटाळतात आणि मुलाला दोन अक्षरी, कुठल्याही लिपीत न अडणारे नाव देऊन मोकळे होतात. नाव मागे पडण्याला गावंढळपणाच्या समजाइतकेच हेही कारण आहे, असे आमचे मत आहे. नावांना नावे ठेवणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

ज्यांना हे नाव मुलाला द्यायचे आहे, त्यांच्यासाठी एक व्यवहाराची सूचना. कन्नडात ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन 'ए' आहेत, मराठीत तो भेद लिहिला जात नाही. जन्मनोंदणीच्या अर्जावर 'जे'ला दीर्घ 'ए'ची खूण आणि शेवटच्या 'व'चा पाय मोडलेला, असे आपणच लिहून द्यावे. कारकुनावर सोडू नये. इंग्रजीत शेवटी 'ओ' घ्यायचा की 'व्ही', हे त्याच दिवशी ठरवावे आणि शाळेच्या दाखल्यापासून आधारपर्यंत तेच ठेवावे.