मांजराचे पथ्य

‘माणसाला पथ्य परवडेना, तिथे मांजराला कुठले?’ असे आमच्या गावी म्हणतात. कॉलेजात आलेला घरातला मी पहिलाच. हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. परंतु माझ्या मते हे पथ्य औषधच होय. मूत्राशयातील स्ट्रुव्हाइटचे खडे विशिष्ट खाद्याने विरघळतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत. म्हणून आधी तपासणी, मग पथ्य. ते न परवडल्यास निदान खाण्यात पाणी कालवून द्यावे. मांजराला तहान मुळातच कमी, त्यात परभणीचा उन्हाळा ४० अंशांपुढचा! बोका कुंथतो आणि लघवी होत नाही, तर मात्र थांबू नये. दोन-तीन दिवसांत तो दगावतो. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. टोपलीत घालून त्याला तिथवर नेणे तरी आपल्याला खचित परवडेल.