दवाखाना बांधायच्या आधी गावाला विचारा



आपल्या पाड्यांसाठी उपकेंद्राची पक्की इमारत झाली, त्याला तीन पावसाळे झाले. इमारत चांगली आहे. पण ती नाल्याच्या पलीकडं, डांबरी रस्त्याला लागून. का, तर साहेबांची जीप तिथवर जाते. पावसात नाला भरला की आम्ही अलीकडं, नर्सबाई पलीकडं. आणि साप चावतो, हगवण लागते, ताप येतो तो याच दिवसांत. पोरांना सुई टोचायचा दिवस ठेवला मंगळवार. मंगळवारी आमचा बाजार! मग अहवालात लिहितात, आदिवासी लसीकरणाला येत नाहीत, अडाणी आहेत.

जागा ठरवताना गावात कुणी विचारलं असतं, तर कुठल्याही म्हाताऱ्यानं नाल्याचं सांगितलं असतं. विचारलंच नाही.

साहेब म्हणतात, डॉक्टरकीतलं तुम्हाला काय कळतं? कबूल. कोणती गोळी द्यायची ते डॉक्टरनं ठरवावं. पण दिवाळीनंतर अर्धं गाव वीटभट्टीवर जातं, पोटुशी बाईसुद्धा जाते, तेव्हा तिची तपासणी कुठं व्हायची? बाळंतिणीबरोबर आई, सासू, सुईण येणारच, त्यांनी रात्री चूल कुठं मांडायची? हे आम्हाला कळतं. ते धरलं नाही तर दवाखाना रिकामा राहतो आणि बाई घरीच बाळंत होते.

विचारून काम होतं, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दवाखाना बांधण्याआधी आदिवासींना विचारलं, तुम्हाला दवाखान्याची भीती का वाटते? लोक बोलले. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो, नातेवाईकांना जवळ राहू देत नाहीत. मग तिथं झोपड्यांसारखा दवाखाना उभा राहिला. नातेवाईक सोबत राहतात. नाव दिलं दंतेश्वरी मातेचं.

सरकारनंही 2007 पासून नंदुरबार, ठाणे, अमरावती अशा काही जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकांची देखरेख सुरू केली. जनसुनावणीत लोक उभे राहून जाब विचारतात. चांगलंच आहे. पण देखरेख म्हणजे झालेल्या कामावर बोट ठेवणं. आम्हाला काम ठरण्याआधी बसायचंय.

कायदा आपल्या बाजूनं आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(2) बघा. दवाखाना, शाळा, अंगणवाडी यांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, पण ग्रामसभेनं शिफारस केली तरच. म्हणजे जंगलातल्या गावात दवाखान्याच्या जागेचा कागद आपल्या सभेतूनच जायला पाहिजे. दाव्यांसाठी आपण गावाचा नकाशा स्वतः काढला, म्हाताऱ्यांचे जबाब पुरावा म्हणून लावले. त्याच नकाशावर आता नाला, पायवाट, लांबचे पाडे दाखवायचे.

आपली चूकही सांगितली पाहिजे. गावात आरोग्य समिती आहे, तिच्या नावानं पैसे येतात. किती जणांना माहीत आहे? सभेत बाया मागं बसतात, पुरुषच बोलतात. बाळंतपणाचा ठराव पुरुष करणार काय? तसं झालं तर आपल्यात आणि साहेबात फरक काय राहिला?

म्हणून येत्या ग्रामसभेत हे करा:

– आधी बायांची वेगळी बैठक घ्या. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं ठरावात लिहा.
– लसीकरणाचा वार आणि पावसाळ्यात नर्सबाईनं अलीकडं कुठं बसायचं, ते गावानं ठरवा.
– भट्टीवर जाणाऱ्या बाया-पोरांची यादी दिवाळीआधी करा, एक प्रत नर्सबाईला द्या.
– समितीच्या पैशाचा हिशोब सभेत वाचून घ्या.
– शिफारशीच्या कागदावर जागा पाहिल्याशिवाय कुणी सही-अंगठा देऊ नका.

ठरावाची पोच घ्यायला विसरू नका. पोच नाय तर ठराव नाय, हे आपण जमिनीच्या लढाईत शिकलोय.

जिंदाबाद!