शब्द पक्का हवा, कागदही हवा

‘एकदा जबान दिली म्हणजे दिली,’ असे आपल्याकडचे जुने व्यापारी आणि कारागीर अभिमानाने सांगत आले आहेत. हा अभिमान रास्त आहे. शब्द पाळणाऱ्याच्या दुकानावर गिऱ्हाईक परत येते. परंतु शब्द पाळणे वेगळे आणि तो शब्द उद्या चारचौघांत सिद्ध करणे वेगळे. हा फरक आम्हाला कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकाने शिकविला, तोही नुकसान होऊन गेल्यावर. म्हणून आमचे म्हणणे असे की, व्यापार आणि कारागिरी करणाऱ्या प्रत्येक घरातील निदान एका मुलाने अथवा मुलीने करार कायद्याची प्राथमिक ओळख करून घ्यावी. वकीलच व्हावे असे नाही. काम हाती घेताना चार ओळी नीट लिहिता याव्यात, एवढ्यासाठी तरी ती घ्यावी.

आमचाच अनुभव सांगतो. आम्ही दोघे भाऊ वैतरणा स्टेशनजवळ राहतो. बोईसरला आमचे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ग्रील, रॅक, शेडचे लोखंडी काम करून देणे हा आमचा व्यवसाय. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याचे रॅकचे काम आम्ही तोंडी घेतले. किलोमागे दर ठरला. माल पोहोचल्यावर मात्र, ‘या दरात रंगकामही धरले होते,’ असे उत्तर आले आणि बिलातील मोठी रक्कम अडकली. संबंध बिघडू नयेत म्हणून आम्ही तगादाही बेताचाच ठेवला. ‘पुढच्या महिन्यात पाहू’ हे ऐकता ऐकता तीन वर्षे उलटली.

पुढे आमच्यातील धाकट्याने विधी महाविद्यालयात नाव घातले. सकाळी लोकलमध्ये तो वही उघडी आणि रात्री तीच वही थोरला वाची. करार कायद्यासोबत मुदतीच्या कायद्याचा विषय निघाला, त्या दिवशी आमच्या घरात कोणाला जेवण गोड लागले नाही. १९६३ च्या त्या कायद्यानुसार केलेल्या कामाच्या पैशासाठी साधारणपणे तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. त्या मुदतीत समोरच्याने ‘एवढे देणे आहे’ अशी एक ओळ सही करून दिली, तर तीन वर्षे पुन्हा नव्याने मोजली जातात. ती एक ओळ मागण्याचे आम्हाला कधी सुचलेच नाही.

आपला करार कायदा १८७२ चा. त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून तो लागू आहे. एकाने प्रस्ताव ठेवावा, दुसऱ्याने तो स्वीकारावा, दोघेही सज्ञान व शुद्धीत असावेत, संमती जबरदस्तीने वा फसवणुकीने घेतलेली नसावी, मोबदला आणि हेतू कायदेशीर असावा, ही त्याची मुख्य सूत्रे. मोजक्या बाबी सोडल्या तर लेखी कागदाची सक्ती त्यात नाही. म्हणजे आमचा तोंडी करारही करारच होता. अडले ते पुराव्यापाशी. काय ठरले होते, असे न्यायाधीशाने विचारले असते तर आमच्याकडे आमच्या शब्दाखेरीज काहीच नव्हते आणि समोरच्याकडे त्याचा शब्द होता.

टेलिफोनवरच्या सौद्याचा एक खटला प्रत्येक विद्यार्थ्याला शिकविला जातो, आणि तो आपल्या महाराष्ट्रातील खामगावचा आहे. अहमदाबादच्या व्यापाऱ्याने सरकीच्या पेंडीचा सौदा खामगावच्या केडिया यांच्या गिरणीशी फोनवरून केला. माल मिळाला नाही म्हणून त्याने अहमदाबादेत दावा लावला. करार कोठे झाला, खामगावला की अहमदाबादला, असा प्रश्न निघाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये बहुमताने ठरविले की, होकार जेथे ऐकला गेला तेथे करार झाला, म्हणजे अहमदाबादला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे मत वेगळे पडले. त्यांच्या मते होकार जेथून उच्चारला गेला ते ठिकाण धरावयास हवे होते. बहुमताचा निर्णय आजही चालतो. याचा अर्थ असा की, सुरतेच्या शेठने फोनवर ऑर्डर दिली आणि आपण बोईसरच्या दुकानातून ‘हो’ म्हटले, तर उद्या तंटा झाल्यास सुरतेच्या कोर्टाची पायरी चढण्याची वेळ येऊ शकते. तोंडातून गेलेला एक ‘हो’ किती दूर जातो, हे आपल्या किती दुकानदारांना ठाऊक आहे?

कागद लिहिता यायला हवा तसा तो वाचताही यायला हवा. चिंचणी-तारापूर पट्ट्यात दागिन्यांच्या डाय कोरणारे कुशल हात आहेत. अशा धंद्यांत उस्ताद कधी कधी शागिर्दाकडून लिहून घेतो की, काम सोडल्यावर या भागात स्वतःचे दुकान टाकणार नाही. शागिर्द बिचारा आयुष्यभर त्या सहीला भितो. करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे धंदा करण्यास अशी आडकाठी घालणारी अट मुळातच निरर्थक आहे. दुकानाचा लौकिक विकताना वाजवी मर्यादेत घातलेली अट हा त्याला अपवाद. १८७४ मध्ये कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने एकाच वस्तीतील दोन भांडी घडविणाऱ्यांच्या तंट्यात हेच तत्त्व लावले होते. ‘तू येथील धंदा बंद कर, कारागिरांना दिलेली तुझी उचल मी भरून देतो,’ असे एकाने कबूल केले. दुसऱ्याने दुकान बंद केले, पण पैसे त्याला मिळाले नाहीत, कारण तो करारच कायद्याला मान्य नव्हता. वाचता येणारा माणूस अशा सहीने घाबरत नाही आणि अशा वचनाला भुलतही नाही.

कारागिरांसाठी २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचीही माहिती हवी. सूक्ष्म वा लघु उद्योगाने माल अथवा सेवा दिल्यावर लेखी मुदत ठरली असेल तर त्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास जबर चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. व्याज घेण्याबाबत आपल्या वाचकांची भूमिका आम्हाला ठाऊक आहे. परंतु निदान आपले मुद्दल मागण्यासाठी राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येते, हे लक्षात असावे. त्यासाठी उद्यम नोंदणी कामे घेण्यापूर्वीच करून ठेवावी. तिला शुल्क नाही. मात्र नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला थकबाकीचे हे संरक्षण मिळत नाही. त्याला आपला कागदच सांभाळावा लागेल.

यावर आपले बांधव म्हणतील, ‘कागद मागितला तर शेठला वाटेल, आपला विश्वास नाही, काम दुसऱ्याला जाईल.’ ही भीती खोटी नाही. मोठा कारखाना लहान कारागिराला करारपत्र लिहून देत बसत नाही. पण त्याने दिले नाही तरी आपण लिहू शकतो. ‘आज आपण सांगितल्याप्रमाणे अमुक नग, अमुक दराने, रंगकाम वेगळे, अमुक तारखेला पोहोच, पोहोचल्यापासून तीस दिवसांत पैसे,’ एवढा मजकूर मोबाइलवर पाठवावा आणि उत्तर जपून ठेवावे. माल उतरवताना चलनावर सही घ्यावी. दरवर्षी हिशेब मिळवून शिल्लक रकमेवर सही घ्यावी. स्टँपपेपरची गरज प्रत्येक वेळी नसते.

आणि अविश्वासाचे म्हणाल, तर कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि त्यास साक्षीदार ठेवण्याविषयीच आहे. लिहून ठेवण्याचा हुकूम परक्यासाठी निराळा आणि ओळखीच्यासाठी निराळा असा तेथे नाही. मग ओळखीच्या शेठपुढे वही काढताना आपण का लाजावे?

आमची ती रक्कम आता मिळण्याची आशा नाही. ज्यांच्या थकबाकीला अजून तीन वर्षे झालेली नाहीत, त्या वाचकांनी मात्र आज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी आपली उधारीची वही उघडून तारखा तपासाव्यात.